डाव कोणीं जिंकला? — संगणकाच्या एका धड्याविषयीं

पटावरचा डाव संपला म्हणजे कोण जिंकलें हें सांगावयास पंडित लागत नाहीं. पाटीवर नऊ घरें आखून दोन भावंडें फुल्ली-गोळा खेळत बसलीं, आणि थोरलीच्या तीन फुल्या एका ओळींत आल्या, कीं शेजारीं बसलेला पांच वर्षांचा धाकटाही ‘ताई जिंकली’ म्हणून टाळ्या पिटतो. ‘बाळ, तुला कसें कळलें?’ असें त्यास विचारल्यास तो पटाकडे बोट दाखवील आणि म्हणेल, ‘दिसतंय कीं!’ दिसतें हें खरें. पण जें दिसलें तें शब्दांत सांगणें, आणि तेंही असें कीं, ज्यास डोळे नाहींत, तारतम्य नाहीं आणि आपल्याविषयीं ममताही नाहीं अशा श्रोत्यास तें बिनचूक उमगावें, ही गोष्ट अगदीं निराळी. या दुसऱ्या गोष्टीचाच एक लहानसा धडा हल्लीं संगणक शिकणाऱ्या मुलामुलींस आरंभीं घालून देण्यांत येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या टप्प्यापासूनच संगणकास आज्ञा लिहिण्याचा परिचय करून द्यावा असें म्हटलेलें आहे. तेव्हां हा धडा आज ना उद्यां आमच्या वाचकांच्या घरांत कोणाच्या तरी वहींत येणारच. म्हणून त्याची ओळख करून द्यावी, आणि घरच्या वडील मंडळींनीं त्यांत कोठें हात घालावा व कोठें आवरावा, याविषयीं चार शब्द सांगावे, असा आमचा हेतु आहे.

धडा वरवर पाहतां फार साधा आहे. तीन आडव्या व तीन उभ्या ओळींचा नऊ घरांचा पट. प्रत्येक घरांत फुल्ली, गोळा किंवा रिकामी जागा. असा एक पट संगणकाच्या हवालीं करावयाचा, आणि संगणकानें चारांपैकीं एक उत्तर द्यावयाचें : फुल्ली जिंकली, गोळा जिंकला, डाव बरोबरींत सुटला, किंवा डाव अजून चालू आहे. संगणकानें खेळावयाचें नाहीं, चाल सुचवावयाची नाहीं. त्यानें केवळ पंचाचें काम करावयाचें. आणि हा पंच कसा? तर आज्ञावलींत जेवढें लिहून दिलें असेल तेवढेंच जाणणारा. लिहिण्यांत जें राहून गेलें तें त्याच्या लेखीं जगांत नाहींच.

मूल प्रथम मोठ्या उत्साहानें लिहितें, ‘तीन सारखीं चिन्हें एका ओळींत आलीं म्हणजे जिंकलें.’ पण ओळ म्हणजे काय, हें या पंचास कोणीं सांगितलें? मग घरांस एक ते नऊ असे आंकडे द्यावे लागतात आणि यादी करावी लागते : आडव्या तीन, म्हणजे १-२-३, ४-५-६ व ७-८-९, उभ्या तीन, म्हणजे १-४-७, २-५-८ व ३-६-९, आणि तिरप्या दोन, १-५-९ व ३-५-७. एकूण आठ. ही यादी पुरी झाली कीं नाहीं, हें पाहण्यास आपल्या जुन्या हिशेबी माणसांप्रमाणें ताळाही घेतां येतो. मधलें घर चार ओळींत येतें. चार कोपरे प्रत्येकीं तीन ओळींत. आणि कडेचीं मधलीं चार घरें प्रत्येकीं दोन ओळींत. चार, बारा आणि आठ मिळून चोवीस. इकडे तीन-तीन घरांच्या आठ ओळी, म्हणजेही चोवीसच. ताळा जमला, यादी पुरी झाली. आणि जातां जातां मुलास हेंही समजलें कीं, पहिली चाल मधल्या घरांत करण्याची आपली ओढ कोठून येते!

येथवर वाट सरळ आहे. यापुढें मात्र खांचखळगे लागतात, आणि या धड्याची सगळी गोडी त्यांतच आहे.

पहिला खळगा असा. ‘ओळींतील तिन्ही घरें सारखीं असल्यास कोणीतरी जिंकलें’ अशी आज्ञा लिहून मूल मोकळें होतें, आणि कोरा पट संगणकापुढें ठेवतें. संगणक तत्काळ सांगतो कीं, डाव जिंकला गेला! कोणीं जिंकला? रिकाम्या जागेनें. कारण तीन रिकामीं घरेंही परस्परांसारखींच असतात. माणसाच्या डोळ्यास ही शंका कधीं शिवणारही नाहीं. आपण रिकाम्या घरास खेळाडू समजतच नाहीं. परंतु ‘रिकामें घर म्हणजे खेळाडू नव्हे’ ही गोष्ट आपण जाणतों तरी आपण ती सांगितलेली नसते.

दुसरा खळगा क्रमाचा. नऊही घरें भरलीं म्हणजे डाव बरोबरींत सुटला, असें मूल लिहितें, आणि ही आज्ञा सर्वांत आधीं ठेवतें. पण नवव्या म्हणजे शेवटच्या फुल्लीनेंच ओळ पुरी झाली असेल तर? पट भरलेला आहे आणि जयही झालेला आहे. अशा वेळीं आधीं ओळी तपासावयाच्या आणि मग घरें भरलीं आहेत कीं काय तें पाहावयाचें. हाच क्रम उलटला कीं जिंकणाऱ्याचा जय हिरावला जातो. दोन्ही वाक्यें आपापल्या जागीं खरीं असूनही कोणतें आधीं बोललें यावरून निवाडा फिरतो, हा अनुभव ज्यास लहानपणीं येईल तो मोठेपणीं कोणताही नियम वाचतांना शब्दांइतकेंच क्रमाकडेही लक्ष देईल.

तिसरा खळगा हुशार मुलांसाठीं आहे. पुष्कळांस वाटतें कीं, पुरी झालेली ओळ एकच असावयाची. दोन आढळल्यास कोठेंतरी लबाडी झाली. पण समजा, चारही कोपऱ्यांत फुल्या आहेत, कडेच्या चार घरांत गोळे आहेत, आणि मधलें घर तेवढें रिकामें आहे. खेळण्याची पाळी फुल्लीची. तिनें मधलें घर घेतलें कीं दोन्ही तिरप्या ओळी एकदम पुऱ्या होतात. यांत लबाडी कसली? डाव सर्वस्वीं नियमानुसार झाला. जो पंच ‘मोजून एकच ओळ’ असा हट्ट धरील तो या सरळ डावास खोटा ठरवील.

यावरून सहजच पुढची पायरी येते, आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. पंचापुढें आलेला पट खरोखर खेळून झालेला आहे कशावरून? कोणी उगीच चिन्हें भरून आणलीं असल्यास? वरच्या ओळींत तीन फुल्या आणि खालच्या ओळींत तीन गोळे, असा पट आल्यास काय म्हणावें? दोघेही जिंकले असें म्हणतां येत नाहीं; कारण पहिला जय झाला तेव्हांच डाव संपावयास पाहिजे होता. म्हणून शहाणा पंच आधीं मोजणी करतो. फुल्लीनें डाव मांडावयाचा असा नियम असल्यास फुल्या या गोळ्यांइतक्या असतील किंवा त्यांहून एकानें अधिक असतील. तिसरी स्थिति संभवत नाहीं. फुल्ली जिंकली असल्यास फुल्या एकानेंच अधिक पाहिजेत, आणि गोळा जिंकला असल्यास दोहोंची संख्या सारखी पाहिजे. ही मोजणी चुकली कीं समजावें, पुरावाच खोटा आहे; निवाडा करण्याचें कारण नाहीं. न्यायाधीशानें निकाल देण्यापूर्वीं कागद खरा कीं बनावट हें पाहावें, हेंच तत्त्व येथें नऊ घरांच्या पटावर शिकावयास मिळतें.

या मोजणीचें महत्त्व किती, हें आंकड्यांवरून दिसेल. नऊ घरें, आणि प्रत्येक घराच्या तीन अवस्था, असे केवळ भरावयाचे म्हटल्यास १९,६८३ निरनिराळे पट होतात. परंतु नियमानें खेळतां खेळतां त्यांतील ५,४७८ च काय ते उत्पन्न होऊं शकतात. उरलेले सगळे कागदावरचे. खेळांत ते कधीं येतच नाहींत. नियमानें उत्पन्न होणाऱ्या पटांपैकीं डाव संपल्याचे पट अवघे ९५८. त्यांपैकीं ६२६ फुल्लीच्या जयाचे, ३१६ गोळ्याच्या जयाचे आणि १६ बरोबरीचे. पटांऐवजीं संपूर्ण डाव, म्हणजे चालींचा क्रम लक्षांत घेऊन, मोजल्यास ती संख्या २,५५,१६८ होते. त्यांत फुल्ली १,३१,१८४ डाव जिंकते, गोळा ७७,९०४ जिंकतो, आणि ४६,०८० बरोबरींत सुटतात. पहिली चाल करणारास केवढा लाभ असतो तें यावरून उघड आहे. तथापि दोघेही न चुकतां खेळल्यास डाव बरोबरींतच सुटतो. आपली आज्ञावली खरी कीं खोटी, हें पाहण्यास मोठ्या मुलांनीं संगणकाकडून हे आंकडे काढवून घ्यावे. हा ताळा जमल्यावर मनास जें समाधान वाटतें तें कोणाच्या शाबासकीवर अवलंबून राहत नाहीं.

ज्यांस आंकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठीं या प्रश्नाची आणखी एक मौजेची वाट आहे. पटाच्या वरच्या ओळींत २, ९, ४. मधल्या ओळींत ७, ५, ३. आणि खालच्या ओळींत ६, १, ८ असे अंक लिहावे. हा चौरस आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल; आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज केली तरी पंधराच येते. अशा चौरसांच्या गणितास आपल्याकडे भद्रगणित म्हणत, आणि नारायण पंडितांनीं १३५६ सालीं पुरा केलेल्या ‘गणितकौमुदी’ ग्रंथांत त्यास एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. यांतील चमत्कार असा कीं, एक ते नऊ या अंकांतून पंधरा बेरीज होणारीं निरनिराळ्या तीन अंकांचीं त्रिकें काढूं लागल्यास तीं बरोबर आठच निघतात, आणि तींच आपल्या आठ ओळी! म्हणजे ओळींची यादी नको. खेळाडूच्या हातीं असलेल्या अंकांपैकीं कोणत्याही तिहींची बेरीज पंधरा होते कीं काय, एवढें पाहिलें कीं झालें. पण येथेंही ‘तिहींची’ हा शब्द विसरतां कामा नये. ९ आणि ६ हीं दोनच घरें मिळून पंधरा होतात. १, २, ४ आणि ८ हीं चार मिळूनही पंधरा होतात. आणि दोन्ही वेळीं ओळ झालेली नसते.

संगणकाचा आणि या पोरखेळाचा संबंध आजकालचा नव्हे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकांतच हा खेळ खेळणारें यंत्र करतां येईल कीं काय, याचा विचार केला होता. पुढें १९५२ सालीं केंब्रिज येथें ए. एस. डग्लस यांनीं ‘एड्सॅक’ नांवाच्या खोलीभर पसरलेल्या संगणकावर हा खेळ प्रत्यक्ष मांडून दाखविला. खेळणाऱ्यानें टेलिफोनच्या तबकडीसारखी तबकडी फिरवून घराचा अंक सांगावयाचा, आणि पडद्यावर ठिपक्यांनीं काढलेला पट पाहावयाचा, अशी ती योजना होती. मनुष्य आणि यंत्र यांचा परस्पर व्यवहार कसा चालावा, या विषयावरील त्यांच्या प्रबंधाचा तो एक भाग होता. विद्वानांनीं ज्यास प्रबंधांत जागा दिली तो खेळ आपण ‘पोरांचा वेळ जातो’ म्हणून बाजूस सारूं नये.

फुल्ली-गोळ्यांत जिंकण्याच्या वाटा मोजून आठ. त्या कागदावर उतरून देतां येतात. परंतु सर्वच खेळ असे मोजके नसतात. डेन्मार्कमधील पीट हाइन यांनीं १९४२ सालीं ‘पॉलिगॉन’ नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्याच दशकाच्या अखेरीस जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञानें तोच खेळ स्वतंत्रपणें शोधून काढला, आणि १९५२ सालीं तो ‘हेक्स’ या नांवानें बाजारांत आला. त्याचा पट मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांचा. बहुधा अकरा ओळी आणि प्रत्येकींत अकरा घरें, म्हणजे १२१. ठिपके एकाआड एक सरकवून घातलेली रांगोळी डोळ्यांपुढें आणावी. तींत आंतल्या प्रत्येक ठिपक्यास सहा शेजारी असतात, तशीच ही रचना. एका खेळाडूनें आपल्या रंगाच्या सोंगट्यांनीं डावी कड उजव्या कडेस जोडावयाची, दुसऱ्यानें वरची कड खालच्या कडेस. या खेळांत बरोबरी कधींच होत नाहीं. पट पुरा भरला म्हणजे दोघांपैकीं एकाची वाट जोडलेली असतेच, आणि दोघांची एकदम जोडली जाणें शक्य नसतें. आतां येथें कोणीं जिंकलें हें संगणकास कसें सांगावें? जिंकण्याच्या वाटा इतक्या कीं, त्यांची यादी करूं म्हटल्यास जन्म पुरणार नाहीं.

याचें उत्तर आमच्या भगिनीवर्गास पुस्तकाशिवाय समजेल. चैत्रांत हळदीकुंकवाचें बोलावणें करावयाचें आहे असें समजा. डाव्या कडेवरील आपल्या रंगाच्या प्रत्येक घरीं प्रथम बोलावणें करावें. त्या घरानें आपल्या रंगाचे शेजारी सांगावे. मग त्यांच्याकडे जावें. त्यांनीं आपले शेजारी सांगावे. असें करतां करतां उजव्या कडेवरील एखाद्या घरीं पोंचलों, तर वाट जोडली गेली आणि डाव जिंकला. बोलावण्याचीं घरें संपलीं तरी उजवी कड आली नाहीं, तर जिंकला नाहीं. यांत दोन पथ्यें आहेत. ज्या घरीं जाऊन आलों त्याच्या नांवापुढें यादींत खूण केली पाहिजे; एरव्हीं जोशांकडच्या म्हणतील कुलकर्ण्यांकडे जा, कुलकर्ण्यांकडच्या म्हणतील जोशांकडे जा, आणि बोलावणारीण जन्मभर त्या दोन घरांतच खेपा घालीत राहील. संगणक तर न थकणारा. तो खरोखरच अनंत काळ खेपा घालतो. दुसरें पथ्य असें कीं, उजवीकडे जावयाचें म्हणून केवळ उजवीकडचेंच शेजार पाहूं नये. वाट कित्येकदां उलट फिरून, वळसा घेऊन पुढें जाते. सहाही शेजार पाहिले पाहिजेत. नवशिकीं मुलें या दुसऱ्या पथ्यास हटकून चुकतात, आणि जिंकलेला डाव हरला असें सांगून बसतात.

येथें कोणी विचारील कीं, हा सगळा खटाटोप कशासाठीं? संगणकाचीं कामें करणारीं माणसें पुष्कळ आहेत; आणि आतां तर मागितल्याबरोबर संपूर्ण आज्ञावली लिहून देणारीं यंत्रेंही घरोघर आलीं आहेत. उत्तर क्षणांत हातीं येत असतां मुलानें तासभर डोकें कां शिणवावें? या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे कीं, या धड्याचें फळ आज्ञावली हें नव्हेच. फुल्ली-गोळ्याचा पंच जगास नको आहे. जगास हवा आहे तो असा मनुष्य, कीं ज्यास आपण काय गृहीत धरलें आहे हें ओळखतां येतें. तीन रिकाम्या घरांनीं डाव जिंकल्याचें ज्यानें एकदां पाहिलें, तो पुढें सोसायटीचा नियम लिहील, मृत्युपत्राचा मसुदा वाचील किंवा यंत्रानेंच लिहून दिलेलें उत्तर हातीं घेईल, तेव्हां ‘यांत काय सांगावयाचें राहिलें?’ असें विचारील. आयतें उत्तर घेणारास हा प्रश्न सुचत नाहीं. आणि आयत्या उत्तरांच्या काळांत तर याच प्रश्नाची गरज सर्वांत अधिक आहे.

एकत्र कुटुंबांतील मंडळींस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलांच्या खेळांतील तंटे आपल्या घरांत कसे मिटतात? ‘जाऊं दे, तो लहान आहे’, ‘तूं मोठी ना, तूंच समजून घे’, ‘पाहुण्यांच्या मुलाशीं भांडूं नये’. हा मायेचा निवाडा. घर चालण्यास तोही लागतो, आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु या निवाड्यांत वारंवार एकाच मुलास हार खावी लागते, आणि बहुधा ती थोरली मुलगी असते. आपण खरोखर जिंकलों होतों, हें तिच्या मनांत वर्षानुवर्षें राहतें. ज्या पंचास थोरली-धाकटा, मुलगा-मुलगी, घरचा-पाहुणा यांतील कांहीं कळत नाहीं, त्यास पटवील असा नियम तिनें स्वतः एकदां लिहून पाहावा. डाव सोडावयाचा असल्यास मग तिनें तो खुशाल सोडावा. पण तें औदार्य तिचें असेल, पराभव नसेल. जय कोणाचा हें आधीं नीट ठरावें आणि क्षमा मागाहून यावी. दोहोंची गल्लत होऊं नये.

व्यवहाराच्या दृष्टीनें चार सूचना करून हा विषय पुरा करतों. पुष्कळ घरीं संगणक एकच असतो, आणि त्याच्या पुढची खुर्ची मुलग्यांची असते. हा धडा कागदावर आरंभावा. कागद सर्वांस पुरतो, आणि पोळ्या लाटतां लाटतां आईसही त्यांत बोलतां येतें. आज्ञा लिहून झाल्या म्हणजे एकानें संगणक व्हावें, आणि लिहिलें असेल तेवढेंच, अक्षरशः तेवढेंच, करावें. पदरचें शहाणपण घालूं नये. हें काम आजोबांनीं केल्यास मुलांस विशेष मौज वाटते. वडिलांनीं व काकांनीं चूक दाखविण्याची घाई करूं नये; चूक जेथें उघडी पडेल असा एक पट तेवढा मुलापुढें ठेवावा आणि गप्प बसावें. आणि शेवटीं एक दिवस आजीबाईंस सारीपाट किंवा सागरगोटे यांचे नियम विचारून ते मुलांनीं लिहून घ्यावे. खेळ कधीं संपतो, कोणीं जिंकला हें कशावरून ठरतें, हें त्या सांगूं लागतील आणि मधून मधून म्हणतील, ‘आतां हें का सांगायला हवं?’ जेथें जेथें त्या असें म्हणतील, नेमकें तेंच आधीं लिहून घ्यावें. घराघरांत वेगळे असणारे आणि कोठेंच न लिहिलेले ते नियम त्यांच्याबरोबर जाऊं नयेत, हा लाभ तर आहेच. शिवाय ज्या गोष्टी सांगाव्या लागत नाहींत असें आपणांस वाटतें, त्याच सांगणें सर्वांत कठीण असतें, हें त्या एका दुपारीं मुलांस कळून येईल.